पुस्तकांची पाणपोई: अनोळखी वाचकांसाठी खुलं कपाट उभारावं कसं आणि टिकवावं कसं

उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई लागते. रांजण कुणी ठेवला, पाणी कोण पिऊन गेलं, कुणी विचारत नाही. पण रोज सकाळी कुणीतरी तो रांजण विसळतं, भरतं, त्याच्याभोवतीचं फडकं ओलं करतं. तो हात थांबला की आठवड्याभरात रांजणाला शेवाळ धरतं आणि लोक तिकडे फिरकेनासे होतात. वाचून झालेली पुस्तकं अनोळखी माणसांसाठी खुली ठेवायची तर ती अशीच चालवावी लागतात. कपाट एका रविवारी उभं राहतं. ते भरणारा, पुसणारा, खराब पुस्तक बाजूला काढणारा हात मात्र दर आठवड्याला लागतो, आणि हा लेख त्या हातासाठी आहे.

मी गेली सात वर्षं अशी दोन कपाटं सांभाळते. एक आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आणि दुसरं दोन गल्ल्या पलीकडच्या पिठाच्या गिरणीत. फाटकाजवळचं पहिलं कपाट पहिल्याच पावसाळ्यात हातचं गेलं. जुलैत दार फुगून बसलं. पेचकस घालून उघडलं तेव्हा आतली चाळीसेक पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. गुळगुळीत कागदाची पानं तर उलगडतच नव्हती, ओढली की छापलेलं सोलून निघायचं. त्यातली दहा-बारा पुस्तकं शेजारच्या इमारतीतल्या काकांनी दिलेली, त्यांच्या वडिलांची. दुसऱ्या दिवशी ते फाटकातून येताना दिसले आणि मला त्यांच्याकडे बघवेना. खाली जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं त्या जुलैनंतर शिकलेलं आहे.

आधी ठरवा: कपाट, सुटं पुस्तक की अदलाबदल

पुस्तक अनोळखी माणसापर्यंत पोचवायच्या तीन वाटा आहेत. एक म्हणजे खुलं कपाट: कुणीही यावं, न्यावं, ठेवावं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी २००९ साली एका गृहस्थांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या आठवणीसाठी शाळेच्या आकाराची छोटी लाकडी पेटी अंगणात खांबावर उभी केली आणि त्यात पुस्तकं ठेवली. ‘लिटल फ्री लायब्ररी’ या नावानं ती कल्पना पुढे जगभर गेली. दुसरी वाट सुट्या पुस्तकाची. ‘बुकक्रॉसिंग’ ही चळवळ २००१ साली सुरू झाली. प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, ते बाकावर, कॅफेत सोडून द्यायचं आणि ते कुठं कुठं फिरलं ते नोंदींवरून बघायचं. तिसरी वाट अदलाबदलीच्या मेळाव्याची. आपल्याकडे डोंबिवलीत भरणारे पुस्तक आदान-प्रदान सोहळे त्यातले.

याशिवाय चौथी वाट नाशिकची आहे आणि ती मला फार जवळची वाटते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ पासूनच्या उपक्रमात पुस्तकांची भरलेली पेटीच वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाते. या पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्या आहेत. तिथं वाचक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे पुस्तकं परत येतात. खुल्या कपाटात तशी हमी नाही आणि ती मागूही नये.

पहिल्यांदा करत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: छपराखालचं, कुणाच्या तरी दुकानातलं, एका फळीचं कपाट करा. रस्त्यावरची पेटी दिसायला छान, पण सांभाळायला तिप्पट अवघड. एक वर्ष फळी चालली तर मग पेटीचं बघा.

जागा

जागा शोधताना लोक रहदारी बघतात. बघायचं असतं ते थांबणं. भाजी मंडईच्या तोंडाशी दिवसाला हजारो माणसं जातात, पण हातात पिशव्या असताना पुस्तक चाळणार कोण? त्यापेक्षा जिथं माणूस पंधरा-वीस मिनिटं रिकामा बसतो, अशा जागा धरा: गिरणी, सलून, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक, सर्व्हिसिंगला गाडी टाकून थांबायचं गॅरेज, लहान मुलांच्या क्लासबाहेर आया बसतात तो जिना. मनात जागा आली की तिथं संध्याकाळी तासभर नुसतं बसून या. किती जण बसले, त्यांची नजर कुठं होती, पंखा-दिवा आहे का, पाऊस तिरका आला तर पाणी कुठवर येईल, हे सगळं त्या तासात कळतं.

गिरणीची जागा मला अशीच मिळाली. मी दळण घेऊन गेले होते आणि कपाटाची कहाणी सांगत होते. गिरणीवाले दादा म्हणाले, “ताई, दळणाला अर्धा तास लागतो. लोक मोबाइल बघत बसतात. ठेवा की इथं.” पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात आली. पुस्तकांवर पिठाचा पातळ पांढरा थर बसायचा, बोट फिरवलं की रेघ उठायची, आणि पिठामागून किडे येतात. मग कपाट चक्कीपासून लांब, बाहेरच्या खोलीत हलवलं आणि त्याला सरकत्या काचा बसवल्या. प्रत्येक जागेचा असा काहीतरी स्वभाव असतो. सलूनमध्ये केस, चहाच्या टपरीवर वाफ, दवाखान्यात सॅनिटायझरचे ओले हात.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटीत असेल तर समितीच्या सभेत विषय घेऊन दोन ओळींचं पत्र घ्या, कारण पुढच्या वर्षी समिती बदलते आणि नव्या सचिवांना ‘हे लाकडी खोकं कुणाचं’ असा प्रश्न पडतो. फुटपाथ, बाग, चौक या जागा नगरपालिकेच्या, तिथं लेखी अर्जाशिवाय खांबही रोवू नका. भाड्याच्या दुकानात ठेवत असाल तर दुकानदाराबरोबर जागामालकालाही विचारा.

रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडचा मोह प्रत्येकाला होतो. तिथं फळी लावायची तर स्टेशन मास्तरांची किंवा आगारप्रमुखांची लेखी संमती आधी हवी. आणि पुस्तक नुसतंच बाकावर सोडून येऊ नका. आपल्याकडे ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा लहानपणापासून कानात बसलेली आहे, आणि ती योग्य कारणानं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१२ पासून काही वाचक डब्यांमध्ये पुस्तकं ठेवत आले, २०१७ मध्ये दिल्लीच्या मेट्रोतही तसं सुरू झालं. तिथंही पुस्तकावर ठळक स्टिकर असतो. मुंबईच्या लोकलमध्ये कागदात गुंडाळलेलं काहीही सीटवर दिसलं की पोलिसांना फोन जातो. आपल्याकडची रीत हातातून हातात देण्याची आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

पुस्तकं मागायची कशी

‘जुनी पुस्तकं द्या’ असं लिहून मी पहिला संदेश सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत घरात सहा पोती आली. त्यात २०११ सालची गाइडं, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, जाहिरातींचे कॅटलॉग आणि कव्हर नसलेली मासिकं. लोकांचा काही दोष नव्हता, मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं. पुढच्या वेळी वाक्य बदललं: ‘तुम्हाला आवडलेलं, आणि दुसऱ्या कुणीतरी वाचावं असं वाटणारं एक पुस्तक द्या. एकच.’ पुस्तकं कमी आली, पण प्रत्येकाबरोबर माणूस आला आणि दारात उभं राहून पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलून गेला. पुस्तकं गोळा करण्याच्या साऱ्या कामात एवढा एकच बदल केलात तरी पुरे.

काय घेऊ नये याची यादी भिंतीवर लावू नका, स्वतःच्या मनात पक्की ठेवा. जुनी गाइडं आणि चालू घडामोडींची पुस्तकं नकोत, कारण स्पर्धा परीक्षेचा एखादा मुलगा ती खरी मानून वाचतो आणि चुकतो. कुठल्याही पक्षाची किंवा पंथाची प्रचारपत्रकं नकोत. एकाची घेतली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. पानं मोडताना तुटतात अशी पिवळी झालेली प्रत नको. फुटपाथवर मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रती आणि झेरॉक्स करून बांधलेली पुस्तकं तर अजिबात नकोत. विकत घेतलेली मूळ प्रत दुसऱ्याला द्यायला कायद्याची आडकाठी नाही, चोरटी प्रत फिरवणं म्हणजे लेखकाच्या पोटावर पाय आहे.

वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक आलं तर थांबा. बहुतेक वेळा ते कुणीतरी वर्षांपूर्वी नेलेलं आणि परत करायचं राहून गेलेलं असतं. ‘रद्द’ किंवा ‘बाद’ असा शिक्का नसेल तर ते त्या वाचनालयात पोचवा. आपल्याकडे ही वाचनालयं फार जुनी आहेत: रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अनोळखी माणसानं वाचावं म्हणून पुस्तकं एकत्र ठेवायची ही मूळ कल्पना त्यांचीच. आपल्या कपाटानं त्यांचं एकही पुस्तक गिळू नये. मी अशी अकरा पुस्तकं परत नेऊन दिली आहेत, दंड कुणीही मागितला नाही.

प्रत्येक पुस्तक एकदा पानापानानं उघडा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि सगळ्यात जास्त लोक ती गाळतात. पुस्तक पाठीवरून धरून पानं खाली सोडा, हलकेच हलवा, मग अंगठ्यानं सगळी पानं सोडत जा. काय निघत नाही? विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेची पावती, वाळलेलं पिंपळपान, लग्नाचा फोटो. ज्या कागदावर नाव, पत्ता किंवा क्रमांक आहे तो देणाऱ्याला परत करा, तो सापडत नसेल तर फाडून टाका.

पहिल्या पानावरच्या हस्ताक्षराचं काय करायचं, हा मनाला चटका लावणारा प्रश्न. ‘चि. मुलीस, दहावीच्या यशाबद्दल, आई-बाबा’ असं लिहिलेलं पान असतं. मी ते फाडत नाही. देणाऱ्याला एकदा विचारते, “हे पान असंच जाऊ दे का?” बहुतेक जण हो म्हणतात. पूर्ण नाव किंवा पत्ता असेल तर तेवढ्या ओळीवर कागदाची पट्टी डकवते.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या मुलानं अख्खं कपाट रिकामं करून माझ्याकडे पाठवलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आजोबांनी बारीक अक्षरात वाचून संपल्याची तारीख लिहिली होती, काहींवर तीन-तीन तारखा. मी ती पुस्तकं लगेच मांडली नाहीत. नवव्या दिवशी मुलगा आला आणि म्हणाला, “तीन तारखा असलेली तेवढी परत हवी होती.” तेव्हापासून माझा नियम आहे: घरातलं माणूस गेल्यावर आलेली पुस्तकं महिनाभर खोक्यात तशीच ठेवायची आणि खोक्यावर देणाऱ्याचं नाव लिहायचं.

कसर, वाळवी, बुरशी

बाहेरून आलेलं पुस्तक सरळ कपाटात गेलं तर एका पुस्तकातली कीड सगळ्यांना लागते. प्लास्टिकची झाकणाची पेटी ठेवा आणि नवीन आलेली पुस्तकं आधी तिच्यात पंधरा दिवस राहू द्या. पेटीच्या तळाशी पांढरा कागद अंथरा. त्यावर बारीक भुकटी किंवा माती पडलेली दिसली तर आत कुणीतरी आहे.

चांदीसारखी चमकणारी, झुपकन पळणारी कसर खळ आणि कागदाचा पृष्ठभाग खाते. अशी पुस्तकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दिवसभर तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर गार पानांवर घाम धरतो. वाळवीचं मातीचं घर दिसलं तर ते पुस्तक वाचवायच्या भानगडीत पडू नका, ते आणि त्याचं खोकं लगेच घराबाहेर काढा.

बुरशीचं पुस्तक नाकाला कळतं. पानांवर हिरवट-काळे ठिपके असतील तर तोंडाला मास्क लावून, उघड्यावर, कोरड्या ब्रशनं झाडा आणि सावलीत वाऱ्यावर उभं करा. थोडा वेळ कोवळं ऊन चालतं, भर दुपारच्या उन्हात पानं पिवळी पडतात आणि बांधणी तडकते. वास गेला नाही तर पुस्तक सोडून द्या. दम्याच्या माणसाच्या हातात ते पडू शकतं.

जुन्या पोथ्यांच्या बासनात वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायची पद्धत होती. मीही वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून फळीच्या मागे टाकते. पाला मात्र पूर्ण वाळलेला हवा, ओला असेल तर तोच बुरशी आणतो. डांबराच्या गोळ्या खुल्या कपाटात ठेवू नका. लहान मुलं त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात.

कपाट

मापं आपल्या पुस्तकांवरून घ्या. मराठी कादंबरी-कथासंग्रह बहुतेक डेमी आकाराचे, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. दिवाळी अंक त्याहून उंच असतात. फळ्यांमधलं अंतर अकरा इंच ठेवलंत तर दोन्ही उभे राहतात. खोली नऊ इंच पुरे, जास्त ठेवली की लोक दोन रांगा लावतात आणि मागची रांग कायमची अंधारात जाते. दोन फूट रुंदीच्या फळीवर तीसेक पुस्तकं मावतात. पंचवीसच ठेवा, एकमेकांना थोडी टेकलेली. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना पाठीचा वरचा काठ फाटतो, आणि अनोळखी माणूस गच्च फळीला हात लावायलाच बिचकतो.

उघड्यावरच्या पेटीसाठी साधं प्लायवूड चालत नाही, पाणी न पिणारं मरीन प्लायच घ्या. त्याच्या कापलेल्या कडा आधी प्रायमरनं बंद करा, कारण पाणी शिरतं ते कडांतून. छप्पर उतरतं असावं आणि पुढे निदान सहा इंच बाहेर यावं. मागची बाजू भिंतीपासून इंचभर सुटी हवी. भिंतीला चिकटलेली पेटी पावसाळ्यात भिंतीची ओल ओढते. दोन्ही बाजूंना वरच्या कोपऱ्यात छोटी भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा. दाराला काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची शीट बरी, फुटत नाही आणि आतली पुस्तकं दिसतात. कुलूप नको, चुंबकाची कडी बसवा. तळ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर आला की उडणारं पाणी लागत नाही आणि चौथीतल्या मुलाचा हातही पोचतो.

बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट करायची कल्पना अनेकांना सुचते. दाराचं रबर पाऊस चांगला अडवतं, पण तेच आतली दमट हवाही कोंडून ठेवतं, त्यामुळे भोकं पाडावीच लागतात. आणि जुन्या पद्धतीची खटक्याची कडी असेल तर ती आधी काढून टाका. लपाछपी खेळताना मूल आत शिरलं तर आतून दार उघडत नाही. हे एवढं करायचं नसेल तर फ्रिज भंगारातच जाऊ द्या.

आमच्या फाटकाशी आता जे कपाट आहे ते तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात रिकामं होतं. कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबई-ठाण्यात कुठलीही पेटी चार महिन्यांच्या ओलीपुढे टिकत नाही, असं मी आता मानून चालते. दारावर पाटी लागते: ‘पुस्तकं गिरणीत आहेत.’ नदीकाठच्या गावात राहत असाल तर पूररेषा विचारून घ्या. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ पासूनचं, आणि २००५ व २०२१ या दोन्ही पुरांत तिथं पाणी शिरून पुस्तकं गेली. एवढ्या जुन्या संस्थेची जिथं ही गत, तिथं आपल्या फळीची काय कथा.

शिक्का आणि चिठ्ठी

रबरी शिक्का करून घ्या. मजकूर जितका कमी तितका बरा: ‘फिरतं पुस्तक. वाचा, पुढे द्या. विक्रीसाठी नाही.’ तो पहिल्या पानावर मारा आणि पुस्तक मिटून पानांच्या बाहेरच्या कडेवरही मारा. कडेवरचा शिक्का पान फाडून घालवता येत नाही. एकदा आमची अख्खी फळी कुणीतरी पोत्यात भरून रद्दीत घातली. मी परिसरातल्या तिन्ही रद्दीवाल्यांकडे गेले, कपाट दाखवलं, शिक्का दाखवला. त्यांच्यातल्या एकानं नंतर स्वतःहून चौदा पुस्तकं परत आणून दिली आणि वर म्हणाला, “मावशी, चांगली गोष्टीची पुस्तकं आली तर बाजूला ठेवीन.” आज तो माझा सगळ्यात भरवशाचा पुरवठादार आहे.

मागच्या पानावर आतून एक चिठ्ठी चिकटवा. त्यावर गाव आणि तारीख यांचे रकाने ठेवा, नावाचा नको. लोक नाव लिहायला कचरतात, आणि ज्यांची नोंद पुढे अनोळखी हातात जाणार त्यांचं नाव-नंबर घेऊही नये. स्वतःचा मोबाइल क्रमांक छापू नका, गिरणीचं किंवा दुकानाचं नाव पुरे. चिकटवायला खळ वापरली तर कसरीला आमंत्रण, म्हणून साधा पांढरा फेव्हिकॉल अगदी पातळ लावा.

कपाटावरची पाटी मोठ्या अक्षरात आणि आपल्या बोलीत असू द्या. आमची अशी आहे: ‘हवं ते पुस्तक न्या. पैसे नाहीत, नोंद नाही. वाचून झालं की इथं आणा किंवा दुसऱ्याला द्या.’ ‘एक ठेवा, एक न्या’ असं मी आधी लिहिलं होतं आणि नंतर पुसलं. ज्यांच्या घरी एकही पुस्तक नाही, ती माणसं ते वाचून मागे फिरत होती. पोळ्या करायला येणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, “माझ्याकडं ठेवायला नाही, मग मी नेऊ का नको?” पाटी त्याच संध्याकाळी बदलली.

दर रविवारी पंधरा मिनिटं

कोरडं फडकं, मऊ ब्रश, चिकटपट्टी, शिक्का आणि दहा पुस्तकांची पिशवी, एवढं घेऊन जा. फळी पुसा, आडवी पडलेली पुस्तकं उभी करा, ओलं-फाटलं काढा, रिकाम्या जागी नवीन ठेवा. नवीन पुस्तकं डोळ्यांच्या रेषेत आणि निदान एक तरी मुखपृष्ठ समोर करून. नुसत्या पाठी दिसणाऱ्या फळीपेक्षा समोर तोंड असलेलं पुस्तक आधी उचललं जातं. लहान मुलांची पुस्तकं सगळ्यात खाली, त्यांच्या हातापाशी. ती लवकर फाटतात, फाटू द्या.

पुस्तक किती दिवस पडून आहे ते कळायला मी आत पेन्सिलीनं महिन्याचा आकडा लिहिते. तीन महिने कुणी हात लावला नाही तर ते दुसऱ्या कपाटात जातं. फाटकाशी वर्षभर पडून असलेलं शेतीवरचं पुस्तक गिरणीत दोन दिवसांत गेलं. गावात आणखी कुणाचं कपाट असेल तर दर तिमाहीला वीस-वीस पुस्तकं बदलून घ्या. सातारा जिल्ह्यातल्या भिलार या ‘पुस्तकांच्या गावा’त, २०१७ पासून, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत. तिथं एक दिवस राहून लोक कुठं थांबतात, कसं उचलतात हे बघून आलात तर मांडणीबद्दल शंभर लेखांपेक्षा जास्त कळेल.

वर्षाचा फेरही ध्यानात धरा. दिवाळीनंतर महिन्याभरात घराघरांतले दिवाळी अंक वाचून होतात, तेव्हा ते मागा. १९०९ पासूनची ही आपली परंपरा आहे आणि एक अंक दहा घरं फिरला तरच त्याचं चीज होतं. होळीनंतर उरलेले अंक काढून ठेवा, उन्हाळ्यात फळी मुलांच्या पुस्तकांना द्या. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे मागणी करायला चांगले दिवस, त्या आठवड्यात शाळाही प्रतिसाद देतात. अदलाबदलीचा मेळावा भरवायचा तर याच सुमारास. टेबलं, कूपन, प्रत्येकी पुस्तकांची मर्यादा, एवढ्यात तो होतो. फक्त उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते आधी ठरवा, नाहीतर संध्याकाळी सभागृहात तीनशे पुस्तकं आणि तुम्ही दोघं उरता.

हातातून हातात

प्रवासात पुस्तक द्यायचं असेल तर उतरायच्या एक-दोन स्टेशन आधी शेजारच्या माणसाला विचारा, “माझं हे वाचून झालंय, तुम्ही वाचाल का? परत द्यायचं नाही, पुढे द्या.” आधी संशयानं बघतात, शिक्का आणि चिठ्ठी दाखवली की हात पुढे येतो. कधी नको म्हणतात, तर नको. लॉज, भक्त निवास, कोकणातले होमस्टे या जागाही उत्तम, तिथं संध्याकाळी माणसाला करायला काही नसतं. पण मालकाच्या हातात द्या, खोलीत ठेवून येऊ नका. साफसफाईत ते ‘राहिलेलं सामान’ होऊन माळ्यावर जातं. गडावर, टेकडीवर पुस्तक सोडू नका. तिथं ते वाचलं जात नाही, भिजतं.

मागणीची वही

हे मी सर्वांत उशिरा सुरू केलं आणि खरं तर पहिल्या दिवसापासून हवं होतं. कपाटाला सुतळीनं एक शंभर पानी वही आणि पेन्सिल बांधा (पेन दोन दिवसांत जातं), आणि वर लिहा: ‘कुठलं पुस्तक हवं आहे?’ लोक काय वाचतात हे आपल्याला वाटतं त्याहून फार वेगळं असतं. आमच्या वहीत शिलाई शिकायचं पुस्तक, मधुमेहाच्या पथ्याचं पुस्तक, ‘इंग्लिश बोलायचं, मराठीतून’, ‘भुताच्या गोष्टी, जाड पुस्तक’ अशा मागण्या आहेत. ही वही वाचून मी पुस्तकं मागायला जाते. नाव घेऊन मागितलं की कुणीतरी माळ्यावरून ते काढतंच.

गेल्या वर्षी माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा कपाट कुणाकडे द्यायचं हा प्रश्न आला. पाणपोईला दोन माणसं हवीत, हे मी फार उशिरा शिकले. तुम्ही पहिल्या महिन्यातच दुसरं माणूस शोधा. आता फाटकाची फळी आठवीतली एक मुलगी बघते. ती आधी फक्त भुताच्या गोष्टी न्यायला यायची. परवा रविवारी तिनं मला वहीतून फाडलेल्या पानावर सामानाची यादी दिली: शिक्क्याची शाई, फडकी दोन, वेखंड, आणि खाली, ‘जाड भुताच्या पुस्तकाचा दुसरा भाग कुणाकडे आहे ते विचारा. गिरणीत आलेल्या आजींना हवा आहे.’ शाई आणि वेखंड आणून दिलं आहे. दुसऱ्या भागासाठी आज रद्दीवाल्याकडे जायचं आहे.